रंग, वास, चव आणि परळीची राख

बीड शहराच्या दक्षिणेला खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात, सलाबत खानाने ती बांधवून घेतली. वास्तुकार म्हणून राजा भास्कर यांचं नाव सांगतात. जमिनीखालच्या बोगद्यातून हे पाणी शहराकडच्या बागांना जायचं. दुष्काळी मुलखात पाणी जपून वापरण्याची ही समज आपल्या पूर्वजांची होती, हिंदूंची आणि मुसलमानांची मिळून.

पाणी चांगलं की वाईट हे ठरवण्याची त्या काळची कसोटी मदरशात शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असते. मोठ्या साठ्यातल्या पाण्यात घाण पडली तरी रंग, वास आणि चव बदलत नाही तोवर ते पाक. हनफी फिकहात साठा मोठा कधी धरायचा याचंही माप आहे, दह दर दह, म्हणजे दहा हात लांब आणि दहा हात रुंद. अनेक मशिदींचे हौद याच हिशेबाने बांधले गेले. शेण, मुडदार, सांडपाणी यांच्यासाठी ही कसोटी उत्तम होती, पण कोळशाच्या राखेपुढे तिचा उपयोग होत नाही.

ही राख जिल्ह्यात आली परळीला. निजामाच्या रेल्वेने परळी विकाराबादशी जोडली गेली होती, म्हणजे कोळसा आणण्याची वाट तयार होती. १९७१ मध्ये तिथे औष्णिक वीज केंद्र सुरू झालं, आधी ३० मेगावॅटचे संच, मग २१०चे आणि २५०चे. त्यापूर्वी १९६९ मध्येच महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये मंडळही नेमलं होतं. म्हणजे कायदा झाला नव्हता म्हणून कुणाचा हात थांबला, असं म्हणायची सोय नाही.

आपल्याकडच्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. ती पाण्यात कालवून नळाने दाऊतपूर-दादाहरी वडगाव भागातल्या राखेच्या तलावात सोडायची, ही जुनी पद्धत. उन्हाळ्यात वाऱ्याने ती घराघरात, पिकांवर, भाकरीवर येते. ही तक्रार सगळ्यांनी ऐकली आहे, कारण उडणारी राख दिसते. राखेतून पाण्यात उतरणारं आर्सेनिक, सेलेनियम, पारा मात्र दिसत नाही. तलावातलं पाणी नितळ दिसतं आणि जे काही असतं ते गाळात बसतं. गाळात हवा नसते. तिथले जिवाणू पाऱ्याचं अशा रूपात परिवर्तन करतात की तो माशाच्या मांसात साठत जातो. लहान माशाला मोठा मासा खातो आणि साठा वाढत जातो.

याचं सर्वात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या बेल्यूज तलावात १९७४ पासून कोळशावरच्या वीज केंद्राच्या राखतळ्याचं पाणी सोडलं जाऊ लागलं. तलावातल्या पाण्यात सेलेनियम लिटरला साधारण १० मायक्रोग्रॅम एवढंच होतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात चालतं ते नेमकं एवढंच. तरीही काही वर्षांतच माशांच्या वीस जातींपैकी एकोणीस जाती नाहीशा झाल्या! मोठे मासे धडधाकट दिसत होते, पण सेलेनियम अंड्यांच्या बलकात उतरलं होतं आणि पिल्लं वाकड्या कण्याची निघत होती. १९८५च्या सुमारास राख कोरडी टाकायला सुरुवात झाली आणि तलावात येणारं ते पाणी बंद झालं. दहा वर्षांनी तपासलं तेव्हाही गाळातलं विष माशांत येतच होतं.

म्हणून बीडमध्ये नुसत्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवणं पुरेसं नाही. ते पाणी पास होईल आणि सगळे निश्चिंत होतील. राखेच्या तलावाखालच्या ओढ्यांतला, आसपासच्या पाझर तलावांतला गाळ तपासला पाहिजे, माशांचं यकृत आणि अंडी तपासली पाहिजेत, आणि आकडे मराठीत गावात लावले पाहिजेत. १९९९ पासून राखेच्या वापराची अधिसूचना आहे आणि राख विटांना, सिमेंटला जाते. चांगलंच आहे, पण पन्नास वर्षांत जे तळाशी बसलं ते विटेत जात नाही.

आपल्याकडे मासळीला जबीहची अट नाही, त्यामुळे ती घेताना आपण फारसं विचारत नाही. ताजी आहे का, कल्ले लाल आहेत का, एवढंच. विष नापाक नसेलही, पण ते नुकसान करतं, आणि नुकसान करू नये व सोसूही नये हे तत्त्व फिकहात पाकीच्या नियमाइतकंच पक्कं आहे. जुम्याच्या खुतब्यात यावर चार शब्द बोलायला हरकत नसावी.

एक धोका मात्र आहे. अशी चर्चा निघाली की सर्वात आधी मार पडतो तो तलाव ठेक्याने घेऊन बीज सोडणाऱ्या भोई बांधवांना. बाजारात अफवा पसरते, रोहू-कटला पडून राहतो आणि राख ज्यांची आहे त्यांचं काहीच अडत नाही. तपासणीचा खर्च वीज कंपनीने द्यावा आणि मासा खराब निघाला तर ठेक्याचे पैसेही तिनेच भरावेत, ही मागणी तपासणीच्या मागणीसोबतच, एकाच अर्जात लिहायला हवी.