चाकावर कोणी बसायचे?

आज शहरांत कुंभारकामाचे वर्ग भरतात. फी भरली की कोणीही चाकावर बसतो. मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर स्थिर करणे हा पहिला धडा. त्याला जन्म नव्हे, सराव लागतो.

मग सातारा-सांगलीच्या गावगाड्यात हे चाक एकाच जातीच्या घरात का राहिले? कुंभार मडकी देई, बलुते घेई. महाराने चाकावर बसायचा प्रश्नच नव्हता आणि कुंभाराच्या पोराला दुसरी वाट नव्हती. मडके मातीचे, विटाळ मात्र माणसाचा! १९०१ साली मसूर स्टेशनावरून बैलगाडीने गोरेगावला निघालेल्या बाल भीमरावांना वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. पुढे १९३६ साली बाबासाहेबांनी ठणकावून सांगितले, जात ही नुसती श्रमविभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे.

त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तिथे मुले एकत्र राबली, एका पंगतीत जेवली.

मित्रांनो, आजच्या वर्गांची कसोटी हीच. शिकवायला कुंभार आहे का? त्याला गुरू म्हणून पूर्ण मोबदला मिळतो का? आणि फी न परवडणारी आपली वस्तीतली मुलगी त्या चाकावर बसू शकते का? हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवू नका.

जय भीम!