फुलसावंगीचें हेलिकॉप्टर

यवतमाळ जिल्ह्याच्या महागांव तालुक्यांत फुलसावंगी नांवाचें एक गांव आहे. हा मुलूख कापसाच्या शेतीचा. विमान येथें पाहावयाचें तें आकाशांत फार उंचावरून जातांना, एवढाच त्याचा विमानविद्येशीं संबंध. अशा या गांवीं १० ऑगस्ट २०२१ च्या रात्रीं शेख इस्माईल शेख इब्राहीम या चोवीस वर्षांच्या तरुणानें स्वतःच्या हातांनीं घडविलेल्या हेलिकॉप्टरचें इंजिन सुरू केलें, आणि त्याच यंत्राच्या पात्याचा आघात होऊन त्याचा अंत झाला. ही वार्ता वर्तमानपत्रांतून देशभर गेली. कोणी हळहळलें, कोणी ‘अविचारी साहस’ म्हणून मोकळें झालें. परंतु विमानविद्येचा इतिहास डोळ्यांपुढें ठेविला म्हणजे या घटनेचा निकाल इतक्या थोडक्यांत लावतां येत नाहीं.

इस्माईलचें शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंतच झालें होतें. थोरल्या भावाच्या वेल्डिंगच्या दुकानांत तो काम शिकला, आणि पत्र्याचीं कपाटें, कूलर असल्या वस्तु बनवितां बनवितां त्याचा हात बसला. गांव त्यास मुन्ना या नांवानें ओळखी. ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटांतील यंत्रवेड्या नायकानें त्याच्या मनांत घर केलें. इंटरनेटवरील चित्रफिती हीच त्याची पाठशाळा झाली. सुमारें दोन वर्षें खपून त्यानें सांगाडा उभारला आणि त्यांत मारुति ८०० या मोटारीचें इंजिन बसविलें. स्वातंत्र्यदिनीं तें सर्वांस दाखवावें अशी त्याची मनीषा होती. तो दिवस अवघा पांच दिवसांवर आला होता.

या घटनेच्या बरोबर सव्वाशें वर्षांपूर्वीं, ९ ऑगस्ट १८९६ रोजीं, ऑटो लिलिएंताल हा जर्मन एंजिनियर आपल्या पंखयानासह टेकडीवरून कोसळला आणि दुसऱ्याच दिवशीं, १० ऑगस्टला, मरण पावला. त्यानें तोंपर्यंत दोन हजारांच्या आसपास उड्डाणें केलीं होतीं. त्याची गणना कोणी अविचारी माणसांत केली नाहीं. उलट त्याच्या मृत्यूची बातमी वाचूनच अमेरिकेंतील राइट बंधूंचें लक्ष या विद्येकडे नव्यानें वळलें. ते सायकलीचे कारागीर होते, आणि पदवी त्यांच्याही पदरीं नव्हती. तेव्हां फुलसावंगीच्या तरुणाची शाळा आठवींत सुटली, म्हणून त्याचें हेलिकॉप्टर फसलें, असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. प्रश्न वेगळाच आहे. राइट बंधूंस जो मार्ग सांपडला, तो या तरुणास दाखविणारें कोणी होतें काय?

राइट बंधूंच्या मार्गाचा आरंभ एका खेळण्यापासून झाला. १८७८ मध्यें त्यांच्या वडिलांनीं मुलांसाठीं एक लहानसें उडतें खेळणें आणिलें. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणानें रबराच्या पिळावर फिरणाऱ्या पंख्यांचा जो प्रकार प्रचारांत आणिला होता, त्यांतलेंच तें. म्हणजे एक चिमुकलें हेलिकॉप्टरच. तें मोडल्यावर मुलांनीं तसेंच दुसरें केलें, मग अधिक मोठें केलें. तेव्हां त्यांस एक विलक्षण अनुभव आला: जितकें खेळणें मोठें, तितकें तें कमी उडे. याचें कारण साध्या गणिताचें आहे. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी व जाडी दुप्पट केली, तर तिचें क्षेत्रफळ चौपट होतें, परंतु घनफळ आणि त्यासरशीं वजन आठपट होतें. पंखाचें बळ क्षेत्रफळावर अवलंबून असतें, भार मात्र घनफळाप्रमाणें वाढतो. लहान प्रतिकृति उडाली म्हणून मोठें यंत्र उडेलच असें नाहीं. पण लहान प्रतिकृतींत न समजलेली गोष्ट मोठ्या यंत्रांत समजून घेण्याची किंमत फारच जबर असते.

ही किंमत शक्य तितकी कमी द्यावी, हेंच त्या बंधूंचें खरें शहाणपण. १८९९ मध्यें त्यांनीं मनुष्य न बसणारा पतंग उडविला. १९०० ते १९०२ पर्यंत इंजिनावांचून चालणारीं पंखयानें वाळूच्या टेकड्यांवर चालविलीं. १९०१ मध्यें आपल्या सायकलीच्या दुकानांत एक लांकडी पेटी करून तींत वाऱ्याचा झोत सोडला आणि पंखांच्या सुमारें दोनशें लहान आकारांची परीक्षा घेतली. इतकें झाल्यावर १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांनीं इंजिनासह उड्डाण केलें, तेंही पहिल्या खेपेस केवळ बारा सेकंदांचें आणि १२० फुटांचें.

हेलिकॉप्टरची गोष्ट याहून बिकट आहे. विमानाचा पंख स्थिर असतो; हेलिकॉप्टरचा पंखच गरगर फिरतो. इंजिन वरच्या पंख्यास एका दिशेनें फिरवूं लागलें, कीं त्याच्या प्रतिक्रियेनें खालचा सांगाडा उलट दिशेनें फिरूं पाहतो. तो आवरण्यासाठीं शेपटाशीं एक लहान उभा पंखा बसवावा लागतो. हा लहान पंखा शोभेचा नव्हे. तो बंद पडला तर सारें यंत्र भोंवऱ्यासारखें फिरूं लागेल. इगोर सिकोर्स्की यानें १९०९ मध्यें कीव्ह येथें हेलिकॉप्टरचा प्रयत्न केला, आणि तें साधत नाहीं असें पाहून तो विषय बाजूस ठेविला. मोठमोठीं विमानें बांधून झाल्यावर, तीस वर्षांनीं, तो अमेरिकेंत पुन्हां त्याकडे वळला. १४ सप्टेंबर १९३९ रोजीं त्याचें यंत्र प्रथम जमिनीवरून उचललें गेलें तें दोरखंडांनीं बांधलेल्या स्थितींत. मोकळें उड्डाण १९४० च्या मे महिन्यांत झालें. ज्यानें आयुष्य या विद्येंत घालविलें, त्यासही दोरी सोडण्यापूर्वीं आठ महिने थांबावें लागलें.

फुलसावंगीस त्या रात्रीं इंजिन चालू असतांना शेपटाचा पंखा तुटला, त्याचा तुकडा वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला, आणि मोठ्या पात्याचा तडाखा आंत बसलेल्या इस्माईलच्या डोक्यास लागला. यंत्र अजून जमिनीवरच होतें. फिरत्या पात्यावर बाहेर ओढणारा जो जोर येतो, तो वेगाच्या वर्गानें वाढतो. वेग दुप्पट झाला कीं जोर चौपट होतो. शिवाय यंत्राचें कंपन प्रत्येक सांध्यास सतत हिसके देत असतें. जो सांधा कपाटाच्या दारास वर्षानुवर्षें पुरतो, तोच फिरत्या पात्याच्या बुडाशीं कांहीं क्षणांतही सुटूं शकतो. हें ज्ञान केवळ चित्रफिती पाहून मिळत नाहीं. तें मिळतें अनुभवानें, आणि तो अनुभव स्वस्त व सुरक्षित ठिकाणीं घ्यावयाचा असतो.

असें स्वस्त ठिकाण आज कोणाच्याही आवांक्यांत आलें आहे. फोमच्या पातळ पत्र्यांपासून बिनतारी लहरींवर चालणारें लहान जेट विमान घरच्या टेबलावर बनवितां येतें. त्यास जेट म्हणतात खरें, परंतु त्याच्या पोटांत ज्वाळा नसते. नळींत बसविलेला विजेचा छोटा पंखा हवा मागें फेंकतो आणि विमान पुढें जातें. पत्रे कापावे, गोंदानें जोडावे, पंखांत ताठ काडी घालावी, मोटर व बॅटरी बसवावी, आणि मग सारें यंत्र दोन बोटांवर तोलून पाहावें. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यान तोल यावा लागतो. बॅटरी दोन बोटें मागें सरकली तरी विमान नाक वर करून पंखावर लोळतें आणि खालीं येतें. मग बनविणारा तें उचलून आणतो, गोंद लावतो, बॅटरी पुढें सरकवितो आणि पुन्हां हातानें हवेंत सोडतो. गुरुत्वमध्य म्हणजे काय हें त्यास तेव्हां जन्माचें समजतें, आणि या विद्येची दक्षिणा म्हणून थोडा फोम व एखादी संध्याकाळ एवढेंच द्यावें लागतें. अर्थात् वेगानें फिरणारा पंखा लहान असला तरी बोट कापतो, आणि हीही शिकवण येथेंच मिळते.

महाराष्ट्रांत घरीं विमान बांधणारा इस्माईल एकटाच नव्हे. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ मध्यें चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आवडीनें सांगतात. तिला समकालीन भक्कम पुरावा नाहीं, परंतु तिची गोडी लोकांच्या हौसेची साक्ष देते. अमोल यादव यांची हकीकत मात्र पक्की आहे. त्यांनीं कांदिवलीस राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ मध्यें तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, आणि २०१७ मध्यें त्याची सरकारदरबारीं नोंद झाली. यादव हे स्वतः व्यवसायानें वैमानिक. विमानाचें चालणें-बिघडणें त्यांच्या रोजच्या परिचयाचें होतें. फुलसावंगीच्या कारागीराजवळ हौस व कौशल्य दोन्ही होतीं. हा परिचय तेवढा नव्हता.

त्याच्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांनीं, २५ ऑगस्ट २०२१ रोजीं, केंद्र सरकारनें ड्रोनविषयक नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांत शिक्षण, संशोधन व करमणूक यांसाठीं नजरेच्या टप्प्यांत उडविल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंत वजनाच्या प्रतिकृति-विमानांचा वेगळा वर्ग मानला आहे. म्हणजे कायद्यानेंही या खेळास शिक्षणाचें साधन म्हणून ओळखलें. नियम कागदावर आले तरी शिकविणारा माणूस गांवोगांव आपोआप पोंचत नाहीं. तालुक्याच्या एखाद्या शाळेंत फोमचे पत्रे, एक मोटर आणि तोल कसा पाहावा हें सांगणारा एक शिक्षक असला, तर वेल्डिंगच्या दुकानांतला मुलगाही संध्याकाळीं तेथें येऊन बसेल. तो शंभर विमानें मोडील; आणि ज्या दिवशीं खऱ्या यंत्राचें इंजिन सुरू करील, त्या दिवशीं तें दोरखंडानें बांधून, पात्यांपासून दूर उभा राहून सुरू करील.