धुराच्या सरंजामाचा खर्च

वसंत व्याख्यानमालेत एका कामगार कार्यकर्त्याने धूम्रपानावर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. व्यसनमुक्तीचे प्रवचन करण्याचा आमचा अधिकार नाही, आणि तो इरादाही नाही. आमचा विषय हिशेबाचा आहे. माणूस धूर ओढतो तेव्हा तंबाखूखेरीज आणखी कशाकशाचे पैसे पडतात, ते कोण भरतो, आणि गेल्या चारशे वर्षांत हा भरणा एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशाकडे कसा सरकत गेला, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

निमित्त मात्र नवे आहे. 'व्हेप' नावाचे जे यंत्र अलीकडे तरुणांच्या हाती दिसते, ते आधी समजावून सांगितले पाहिजे. कारण येथील वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते पाहिले नसेल, आणि ज्या तरुणांनी पाहिले आहे ते तसे कबूल करणार नाहीत. चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाने २००३ साली या यंत्राला आजचे रूप दिले. त्यात एक लहान बॅटरी असते. बॅटरीवर तापणारी तारेची गुंडाळी, गुंडाळीत कापूस, आणि कापसाला भिजवणारा निकोटीनमिश्रित गोडसर द्रव. ओढणाऱ्याने दम घेतला की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. राख नाही, आगकाडी नाही. विकणारे म्हणतात, एकदा यंत्र घ्या, सिगारेटीचा रोजचा खर्च वाचेल.

खर्च वाचतो का? यंत्र घेणे हा या खर्चाचा आरंभ आहे. द्रवातील गोडी तारेवर जळून बसते, कापूस करपतो, वाफेला जळकट चव येऊ लागते. आठ-पंधरा दिवसांत गुंडाळी बदलावी लागते. द्रवाची कुपी संपते, काचेची टाकी फुटते, बॅटरीचा दम वर्षा-दीड वर्षात कमी होतो. काही यंत्रांची कुपी अशी बंद केलेली असते की ती घरी भरताच येऊ नये. त्याच कंपनीची नवी कुपी विकत घ्यावी. यंत्र स्वस्त द्यावे आणि त्याच्या आतले सामान जन्मभर महाग विकावे, ही युक्ती दाढीची पाती विकणाऱ्यांनी केव्हाच सिद्ध करून ठेवली आहे.

आपल्या देशात या हिशेबाला आणखी एक कलम जोडले गेले. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून या यंत्रांचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात बंद केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा बाळगणाऱ्यासही वेगळी शिक्षा सांगितली. वस्तू मात्र बाजारातून नाहीशी झाली नाही. ती चोरवाटेने येते, आणि चोरवाटेच्या मालाला पावती नसते. गुंडाळी बनावट निघाली, बॅटरी फुगली, द्रवात भलतेच काही मिसळलेले असले, तरी तक्रार करावयास जागा नाही. हमीचे मोल पूर्वी किमतीत धरलेले असे. आता ते ओढणाऱ्याच्या अंगावर पडले.

हे सारे नवीन वाटते, पण महाराष्ट्राच्या शेजारीच याचा पहिला अध्याय घडलेला आहे. इ. स. १६०४ च्या सुमारास असद बेग हा मोगल वकील विजापुराहून अकबराच्या दरबारी परतला, तेव्हा त्याने आदिलशाही मुलखातून तंबाखू नेली. नुसती तंबाखू नेली नाही. तीन हात लांबीची रंगवलेली नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्ने आणि मिनाकारी, येमेनी अकीकाची तोटी, सोन्याची चिलीम, असा सारा सरंजाम त्याने स्वतः हौसेने जमवला आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. बादशहाने दोन-तीन दम घेतले. हकिमाने हरकत घेतली. तंबाखूच्या दरापेक्षा तोटीचा दर कितीतरी पटींनी अधिक असणार, हे सांगावयास इतिहासकार नको. पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखूला मनाई केली. त्या मनाईचे काय झाले ते आपण जाणतोच: बिदरच्या कारागिरांनी चांदीच्या तारा ठोकून जे हुक्क्याचे बुडखे घडवले, ते पुढच्या दोन शतकांतले आहेत आणि आज संग्रहालयांत मांडलेले आहेत.

हुक्का घेणे सोपे, राखणे कठीण. रोज पाणी बदलावयाचे, नळी धुवावयाची, तंबाखूत गूळ मळावयाचा, निखारे फुलवावयाचे. हे काम मालक करीत नसे. त्यासाठी हुक्काबरदार नावाचा स्वतंत्र नोकर असे. इंग्रज साहेबांनीही ही रीत उचलली. १७७९ साली कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्ज पतिपत्नींनी मेजवानीचे जे निमंत्रण धाडले, त्यात पाहुण्यांनी हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये अशी विनंती केली होती. इतर सारे नोकर वगळता येत होते. हा एक वगळता येत नव्हता. यंत्राची देखभाल म्हणजे माणसाची मजुरी, ही गोष्ट त्या एका ओळीत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच कुठे दिसेल.

गरिबाचा सरंजाम म्हणजे चिलीम. कुंभाराकडची मातीची चिलीम, तिच्यात एक खडा, तळाशी ओल्या फडक्याची छापी, आणि कनवटीला चकमक, गारगोटी व कापूस. चिलीम फुटे, पण स्वस्त मिळे. चार जणांत एक फिरे, म्हणून खर्चही वाटला जाई. मात्र चौघे कोण, हे जातीने ठरवलेले होते. हुक्कापाणी बंद करणे म्हणजे माणसाला वाळीत टाकणे. आणि ज्यांना वाळीत टाकण्याचीही गरज नव्हती, कारण ते मुळातच गावकुसाबाहेर होते, त्यांच्या हाती ती चिलीम कधी आलीच नाही. विडीने ही पंगत मोडली. विडी ज्याची त्याची असते. तिच्या झपाट्याच्या प्रसारात या गोष्टीचा वाटा मोठा असावा असे आमचे मत आहे, मग विद्वान काही म्हणोत.

विडी ही वस्तू गुजरातेकडची. तेथे आपट्यासारख्या पानांत तंबाखू गुंडाळीत. १८९९ च्या दुष्काळानंतर तिकडची काही कुटुंबे जबलपूर भागात आली आणि त्यांना टेंभुर्णीचे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत तेंदूचे, पान सापडले: मऊ, न फाटणारे, जळताना न विझणारे, आणि जंगलात फुकट वाढणारे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे कारखाने निघाले. आगगाडी आली तसा हा धंदा गोंदिया, भंडारा, कामठी, नागपूर असा पसरला. स्वदेशीच्या चळवळीत शिकल्यासवरल्या लोकांनीही सिगारेट टाकून विडी धरली. ओढणाऱ्याच्या दृष्टीने हा चमत्कारच होता. नळी नाही, पाणी नाही, छापी नाही, नोकर नाही. एक आगपेटी पुरे. सरंजामाचा खर्च शून्यावर आला.

शून्यावर आला तो ओढणाऱ्याचा. वळणाऱ्याचा सरंजाम आता मांडून पाहू. बुरडाकडचे सूप. पान कापावयाची कैची आणि तिला महिन्या-दोन महिन्यांनी धार. पत्र्याचा फर्मा, ज्याच्या मापाने पान कापावयाचे. पाने भिजवावयाचे भांडे, ती गुंडाळून ठेवावयाचे ओले गोणपाट. दोरा काही ठिकाणी मालक देई, काही ठिकाणी बाईने आणावयाचा. संध्याकाळी चिमणीचे घासलेट, पुढे विजेचा दिवा. आणि सर्वांत मोठी रक्कम कोणीच लिहीत नाही ती: बसावयाची जागा. घराच्या दीड खोलीतली निम्मी खोली तंबाखूच्या धुळीने भरलेली, आणि त्याच धुळीत पाळणा.

याच्या वर पान आणि छाट. पाने वजनावर मिळत, मजुरी हजारावर. हजार विड्यांसाठी म्हणून दिलेल्या पानांत फाटकी, किडकी निघाली की हजार भरत नसे. मग बाई बाजारातून पदरच्या पैशाने पाने आणून हजार पुरे करी. आमच्या संघटनेच्या आरंभीच्या दिवसांत आम्ही एका सट्टेदाराच्या दारात स्वतःचा तराजू घेऊन उभे राहत असू. पहिल्या आठवड्यात त्याने आम्हांला हसून चहा पाजला, दुसऱ्या आठवड्यात पाने नीट मोजू लागला, आणि तिसऱ्या आठवड्यात ज्या बायांनी आम्हांला बोलावले होते त्यांचेच काम बंद केले. छाटीचे तसेच. समजा, हजारातल्या पन्नास विड्या वाकड्या म्हणून बाजूला काढल्या. त्यांची मजुरी बुडाली, आणि पुष्कळ ठिकाणी त्या विड्या मात्र बाईला परत मिळाल्या नाहीत. हुक्क्याचा सारा सरंजाम जणू या सुपात येऊन बसला होता.

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. १९३१ साली व्हिटले यांच्या रॉयल कमिशनने विडीच्या कोंदट खोल्या आणि त्यांत बसलेली मुले यांची नोंद केली. १९३७ साली मध्यप्रांताच्या सरकारने अनियंत्रित कारखान्यांचा कायदा केला तो विडी, लाख आणि कातडी कमावणे या तीन धंद्यांसाठी. कामठीचे बाबू हरदास यांनी विडी कामगारांना एकत्र करून सहकारी तत्त्वावर विड्या वळण्याचा प्रयोग केला. 'जय भीम' हे अभिवादन त्यांचेच, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण त्यांच्या या विडीच्या कामाबद्दल मात्र कमी बोलतो. सट्टेदाराला मधून काढले की छाट कोणाची आणि पान कोणाचे हा प्रश्नच उरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९३९ च्या जानेवारीत, वयाच्या पस्तिशीत, ते गेले. पुढे डी. व्ही. रेगे यांच्या समितीने १९४६ च्या सुमारास या धंद्याचा स्वतंत्र अहवाल दिला.

मालकांचे उत्तर साधे होते. जेथे कायदा माणसे मोजी, तेथे माणसे कमी केली. कारखाना मोडून घराघरांत पसरवला. छप्पर, दिवा, पाणी, जमीन यांचे भाडे त्यामुळे आपोआप कामगाराकडे गेले. उरला प्रश्न एकच: जी माणसे मर्जीने येतात-जातात आणि नगावर पैसे घेतात, ती कामगार तरी आहेत का? यावरचा एक महत्त्वाचा खटला आपल्या नागपूरचा आहे. एका विडी कारखान्यातील कामगारांनी रजेचा पगार मागितला. बिर्धीचंद शर्मा विरुद्ध पहिले दिवाणी न्यायाधीश, नागपूर, या नावाने तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६१ साली छापून आलेल्या निवाड्यात न्यायालयाने त्यांना कामगार ठरवले. मौज अशी की खराब विडी नाकारण्याचा मालकाचा जो हक्क, तोच त्याच्या नियंत्रणाच्या पुराव्यांत धरला गेला. ज्या छाटीने बाईची मजुरी खाल्ली, तिनेच कोर्टात तिला साथ दिली. पण लगेच १९६२ साली छापून आलेल्या दुसऱ्या एका निवाड्यात, हजेरीचे बंधन नसलेल्या विडी वळणाऱ्याला त्याच न्यायालयाने बहुमताने कामगार मानले नाही. अखेर १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आला. घरी बसून विडी वळणारीही त्यात आली, आणि पानाची तूट व छाट यांवरच्या तंट्यांना कायद्यात स्वतंत्र कलम मिळाले. मालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. १९७४ साली कायदा टिकला. १९७६ च्या कायद्याने विडीवरच्या उपकरातून कामगार कल्याण निधी सुरू झाला, दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या निघाल्या. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला, आणि २०२० साली संसदेने केलेल्या नव्या संहितेत १९६६ चा कायदाही गुंडाळण्यात आला. सुपाचा आणि कैचीचा खर्च मजुरीत धरावा, ही मागणी आम्ही प्रत्येक वाटाघाटीत मांडली. ती कागदावर सहज लिहिली जाते. हजारीच्या दरात मात्र दिसत नाही.

आता पुन्हा व्हेपकडे येऊ. गुंडाळ्या बदलण्याचा, कुप्या भरण्याचा कंटाळा आलेल्या गिऱ्हाइकासाठी कंपन्यांनी एकदाच वापरून फेकावयाचे यंत्र काढले. ना भरणे, ना धुणे, ना बदलणे. हे म्हणजे वाफेच्या जगातली विडीच. देखभालीचा खर्च ओढणाऱ्यापुरता पुन्हा शून्यावर आला. फरक इतकाच की विडीचे थोटूक मातीत जाते, आणि या यंत्रात लिथियमची बॅटरी असते, जी चेपली तर पेट घेते. ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा फेकाऊ यंत्रांची विक्री बंद केली, त्यामागे कचऱ्याचे हे कारण मोठे होते.

आमच्या ओळखीच्या एका बाईने पंचवीस वर्षे विड्या वळल्या आणि काम सुटल्यावर ती कचरा वेचू लागली. मागच्या उन्हाळ्यात तिने अशी तीन रंगीत यंत्रे कार्यालयात आणून टेबलावर ठेवली आणि विचारले, "भाऊ, याचा भाव काय येते?" आम्ही तिच्याबरोबर भंगारवाल्याकडे गेलो. त्याने वरच्या प्लास्टिकचा भाव सांगितला, आणि आतली बॅटरी घरी फोडून, काढून आण, मग घेतो, असे तिला बजावले.