अंधेरीचा हास्यक्लब आणि उपनगरांतील ज्येष्ठांची सकाळ

हास्यक्लबची सुरुवात १३ मार्च १९९५ रोजी अंधेरी पश्चिमेच्या लोखंडवाला वसाहतीतील एका सार्वजनिक बागेत झाली. ती करणारे डॉ. मदन कटारिया हे फॅमिली डॉक्टर होते. ‘माय डॉक्टर’ या आरोग्यविषयक मासिकासाठी हसण्याचे फायदे या विषयावर ते लेख लिहीत होते. त्यांच्या वाचनात नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकाचे १९७९ सालचे पुस्तक आले होते. मणक्याच्या दुखण्यात दहा मिनिटे पोट धरून हसले की दोन तास विनावेदना झोप लागते, असा स्वतःचा अनुभव कझिन्स यांनी त्यात लिहिला होता. लेख छापून येण्याची वाट न पाहता कटारिया त्याच सकाळी बागेत गेले आणि फिरायला आलेल्यांना एकत्र हसण्याचे आवाहन करू लागले. पहिल्या दिवशी जेमतेम पाच जण जमले. काही दिवसांतच ही संख्या पन्नासच्या पुढे गेली.

ही माणसे सकाळी सातला बागेत मोकळी होती, यामागे उपनगरांचा मोठा इतिहास आहे. गिरणीतला कामगार असो की पेढीवरचा कारकून, नोकरी संपली की कोकणात किंवा घाटावर परतायचे ही जुन्या मुंबईची रीत होती. म्हातारपण गावच्या घरात, शेताच्या बांधावर जायचे. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. पुढच्या दोन-तीन दशकांत गिरगाव-दादरच्या चाळींतली कुटुंबे सहकारी सोसायट्यांतल्या मालकीच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. निवृत्तीनंतर गावी जाण्याचे कारण तिथे संपले, कारण गावचे घर भावाबंदांत वाटले गेले होते आणि मुले-नातवंडे तर उपनगरातच होती. आयुर्मानही वाढले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षे होते, तर १९९० च्या दशकात ते साठीला पोहोचले. अठ्ठावन्नव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसापुढे आता दीड-दोन दशकांचे आयुष्य शिल्लक राही. मुलगा-सून सकाळची लोकल पकडून गेले की दिवसभर घरात एकट्याने काय करायचे, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता.

अंधेरीच्याच किनाऱ्यावर या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग पाऊणशे वर्षांपूर्वी तयार झाला होता. २५ डिसेंबर १९१८ रोजी मणिभाई देसाई या एकवीस वर्षांच्या तरुणाने, म्हणजे पुढच्या श्री योगेंद्रांनी, वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली. संन्याशाच्या मठातला योग संसारी माणसाच्या रोजच्या व्यायामात आणण्याची त्यांची धडपड होती. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिले. पुढे संस्था सांताक्रूझला गेली आणि आजही ती तिथेच आहे. बागेत चटई टाकून प्राणायाम करणारे आजोबा आज कुणाला नवलाचे वाटत नाहीत. ही सवय ज्या प्रयत्नांतून रुजली, त्यांतला हा एक आरंभीचा आणि महत्त्वाचा प्रयत्न होता.

सुरुवातीला लोखंडवालाच्या क्लबात एकेकाने मध्ये उभे राहून विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचे, अशी पद्धत होती. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले. अचकट-विचकट आणि कुणाला तरी टोचणारे किस्से सुरू झाले, तक्रारी आल्या आणि क्लब बंद पडायची वेळ आली. कटारियांनी तोडगा काढला तो विनोदच वगळण्याचा. मुद्दाम हसले तरी शरीराला लाभ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पत्नी माधुरी योगाभ्यासी असल्याने दीर्घ श्वसनाची जोड मिळाली आणि त्यातून हास्ययोगाचा आराखडा तयार झाला. सगळे गोल करून उभे राहतात. ‘हो हो, हा हा हा’ या ठेक्यावर टाळ्या वाजवतात. मग हात वर नेत श्वास भरायचा आणि हात खाली आणत सावकाश सोडायचा. त्यानंतर नमस्कार करत समोरच्याच्या डोळ्यांत पाहून हसायचे, जीभ बाहेर काढून सिंहहास्य करायचे, आणि तोंड उघडे ठेवून आवाज न करता मूकहास्यही करायचे. नजरेला नजर भिडवण्याची अट फार मोलाची आहे. दिवसभर घरात ज्याच्याकडे कुणी धड पाहत नाही, त्याला सकाळी वीस जण नमस्कार करतात.

क्लब झपाट्याने पसरले. १९९८ मध्ये मुंबईत पहिला जागतिक हास्यदिन साजरा झाला. आता तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. मीरा नायर यांनी मुंबईच्या या क्लबांवर माहितीपट केला, तर पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराने ही परंपरा मराठी वळणाने वाढवली. ज्येष्ठांचे संघटन मात्र याच्याही आधीचे आहे. राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ ‘फेस्कॉम’ १९८० पासून काम करतो आहे. हास्यक्लब निघाला त्याच १९९५ साली मुंबईत ‘डिग्निटी फाउंडेशन’ उभे राहिले. संघांमध्ये वाढदिवस, व्याख्याने, सहली, आरोग्य तपासणी चालते. बोरिवलीकरांना तर राष्ट्रीय उद्यानाच्या रूपाने शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे जंगल दाराशी मिळाले आहे. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांचे वर्षानुवर्षे टिकलेले गट आहेत.

हसण्याच्या औषधी गुणांविषयी दावे पुष्कळ होतात, पण त्यामागचे संशोधन बरेचसे लहान गटांवर झालेले आहे. मनःस्थिती सुधारते, एकटेपणा कमी होतो, इतके त्यातून दिसते. रक्तदाबाची गोळी मात्र त्यावर विसंबून सोडता येत नाही. हर्निया, काचबिंदू, हृदयविकार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारूनच यात भाग घ्यावा, असे चालकही सांगतात. आवाजाचा त्रास ही शेजाऱ्यांची तक्रार खरी आहे. कुर्ल्यातला असा एक वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. इमारतींना खेटून असलेल्या बागेत पहाटे जोरात हसणे योग्य नाही, आणि अशा ठिकाणी मूकहास्य व श्वसनावर भर देणे हाच समंजस मार्ग आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने बागांना कुलूप लागले तेव्हा हास्ययोगाची सत्रे मोबाइलच्या पडद्यावर आली. व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे कितीतरी आजी-आजोबांनी त्याच काळात शिकून घेतले, आणि गुडघ्यांमुळे बागेपर्यंत जाणे न जमणाऱ्यांसाठी ती सोय बागा उघडल्यानंतरही उपयोगी पडली.