चार्ल्स राजाच्या काळातली अक्षरे?

१८४४ साली लंडनमध्ये एक रोजनिशी प्रसिद्ध झाली. लेडी विलोबी नावाची खानदानी बाई, पहिल्या चार्ल्सच्या राजवटीतली धामधूम आणि घरातली सुखदुःखे. लेखकाचे नाव कुठेच नव्हते. पुस्तकाचे रूप असे, की ती खरोखर सतराव्या शतकातली आहे असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात ती हॅना मेरी रॅथबोन या त्यांच्याच काळातल्या लेखिकेने रचली होती.

वाचकांना चकवण्यात अक्षरांचा वाटा मोठा होता. छपाई करणाऱ्या चिझिक प्रेसने कॅस्लनचे जुने वळण मुद्दाम वापरले होते.

विल्यम कॅस्लन (१६९२–१७६६) मूळचा बंदुकांवर नक्षी कोरणारा कारागीर. पुढे तो छपाईचे खिळे पाडू लागला. पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा. १७३४ साली त्याने आपल्या अक्षरांचा नमुना छापला. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या छापील प्रती याच वळणात निघाल्या.

रोमन अक्षराच्या टोकाशी जी लहानशी आडवी रेघ असते, तिला सेरिफ म्हणतात. कॅस्लनमध्ये ती दांड्यातून हळूच वळण घेऊन बाहेर येते. जाड व बारीक रेघांतला फरक बेताचा असतो. गोल अक्षरांचा भार किंचित तिरका, बोरूने लिहिल्यासारखा. अठराव्या शतकाच्या अखेरीस दिदो आणि बोदोनी यांची केसासारख्या सेरिफची, ताठ अक्षरे आली. ती उठून दिसायला गुळगुळीत कागद लागे. या नव्या चालीपुढे कॅस्लन मागे पडले. म्हणूनच तर १८४४ साली ते 'पुरातन' वाटले!

पण चार्ल्सचा शिरच्छेद झाला १६४९ साली आणि कॅस्लन जन्मला त्यानंतर ४३ वर्षांनी. विद्यार्थी इथे विचारतील, जुनी रोजनिशी नंतर छापता येणार नाही का? शंका रास्त आहे. येईल की. शिवाय कॅस्लनने सतराव्या शतकातल्या डच अक्षरांचा आदर्श समोर ठेवला होता, त्यामुळे साम्यही खोटे नव्हते. म्हणजे अक्षरांवरून मजकुराचे वय ठरतच नव्हते. ती फक्त तसा भास निर्माण करत होती.

आज संगणकावर 'जुनी' म्हणून मिळणाऱ्या काही अक्षरांच्या कडा मुद्दाम खडबडीत केलेल्या असतात. आम्हाला हे जरा गमतीचे वाटते. कॅस्लनने कोरलेल्या कडा स्वच्छ होत्या. ओलसर केलेल्या खरखरीत कागदावर खिळा दाबला की शाई पसरे, त्यातून तो खडबडीतपणा येई. वर्गात पाहायचे असेल तर एकच रबरी शिक्का टिपकागदावर आणि चकचकीत कागदावर उमटवा, आणि मुलांच्या हाती भिंग द्या.