पृथ्वीच्या वयाविषयीच्या आद्य वैज्ञानिक कल्पना आणि देवगडचा किनारा

पृथ्वी केव्हा निर्माण झाली आणि तिच्यावरील जीवसृष्टी किती जुनी आहे, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक प्राचीन संस्कृतीने आपापल्या परीने दिली आहेत. परंतु खडक, जीवाश्म व उष्णता यांच्या निरीक्षणावरून वर्षांची संख्या काढण्याचा प्रयत्न जेमतेम तीनशे वर्षांचा आहे. या प्रयत्नांचा इतिहास मुख्यत्वे यूरोपात घडला असला, तरी त्यातील काही दुवे महाराष्ट्रात आणि विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात सापडतात. मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांचे पोंभुर्ले हे जन्मगाव या तालुक्यात आहे. वाघोटण खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग येथे १८९८ मध्ये खग्रास सूर्यग्रहणाचे महत्त्वाचे वेध घेण्यात आले. आणि तालुक्याचे जांभ्या दगडाचे सडे व त्यांखालील काळा पाषाण ही तर या प्रश्नाची प्रत्यक्ष साधनसामग्रीच होय.

भारतीय परंपरेत कालाची कल्पना अतिशय विस्तृत होती. ४३,२०,००० वर्षांचे एक महायुग आणि अशा हजार महायुगांचा एक कल्प, म्हणजे ४३२ कोटी वर्षे, हे पुराणांतील व ज्योतिषग्रंथांतील मान होय. पृथ्वीच्या आज मान्य असलेल्या वयाशी (सु. ४५४ कोटी वर्षे) या आकड्याची जवळीक अनेकदा अभिमानाने दाखविली जाते, तथापि कल्पाची संख्या खडकांच्या मापनातून आलेली नाही, ग्रहगतींच्या आवर्तनांचा मेळ घालणाऱ्या गणितातून ती आलेली आहे, त्यामुळे हे साम्य योगायोगाचे मानले पाहिजे. खरे महत्त्व दुसऱ्याच गोष्टीला आहे : कोट्यवधी वर्षांच्या भाषेची भारतीय मनाला सवय होती. याउलट यूरोपात बायबलमधील वंशावळींवरून सृष्टीचे वय मोजण्याची प्रथा होती व आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर (१५८१–१६५६) यांनी १६५० मध्ये इ. स. पू. ४००४ हे निर्मितीचे वर्ष ठरविले होते. सहा हजार वर्षांची ही चौकट मोडण्यातच तेथील विज्ञानाची दोन शतके गेली.

समुद्र व जमीन यांच्या सीमा बदलतात, ही जाणीव मात्र जुनी आहे. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटविला व कोकण निर्माण केले, ही कथा किनाऱ्यावरील प्रत्येक गावास ठाऊक आहे. तिच्यात भूवैज्ञानिक पुरावा शोधणे योग्य नव्हे. पण किनारा हा स्थिर नसतो, हे त्या कथेस गृहीतच आहे. अल्-बीरूनी याने सु. १०३० मध्ये उत्तर भारतातील मैदानात खोल खणल्यावर सापडणारे गोटे पाहिले. ते पर्वतांजवळ मोठे व दूर जावे तसतसे लहान होत जातात, हे ध्यानात घेऊन ही भूमी एके काळी समुद्र असावी व नद्यांच्या गाळाने ती भरून निघाली असावी, असा तर्क त्याने केला. निरीक्षणावर आधारलेला असा तर्क त्या काळी विरळाच होता.

जीवाश्मांच्या बाबतीत भारतीयांची स्थिती काहीशी चमत्कारिक होती. गंडकी नदीतून येणारे शाळिग्राम घरोघरीच्या देव्हाऱ्यांत होते. त्यांवरील चक्राकार रेषा म्हणजे वस्तुतः हिमालयाच्या जागी असलेल्या प्राचीन समुद्रातील ॲमोनाइट या शंखधारी प्राण्यांचे ठसे. हे प्राणी पंधरा कोटी वर्षांच्या सुमारास जगत होते. जीवाश्माची पूजा होत राहिली, परंतु त्याचे वाचन झाले नाही. यूरोपातही दगडातील शंख-शिंपले म्हणजे निसर्गाची लीला अथवा महाप्रलयाची खूण, अशीच समजूत दीर्घकाळ होती. नील्स स्टेन्सेन ऊर्फ स्टेनो (१६३८–८६) यांनी १६६९ मध्ये असे दाखविले की, थरांचे खडक एकावर एक साचत जातात, खालचा थर हा आधीचा असतो आणि त्यांतील शंख हे खऱ्या प्राण्यांचेच असतात. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रांचेस्को रेदी (१६२६–९७) यांनी मांस झाकून ठेवल्यास त्यात अळ्या पडत नाहीत, हे प्रयोगाने सिद्ध केले होते. जीव हा जीवापासूनच येतो, या सिद्धांताची ती सुरुवात होय. ल्वी पाश्चर (१८२२–९५) यांच्या प्रयोगांनी तो सु. १८६० मध्ये सूक्ष्मजीवांनाही लागू झाला. जीव आपोआप उपजत नसेल, तर आजच्या जीवांची परंपरा मागे अखंड जाते आणि ती किती मागे जाते, हा प्रश्न अटळ होतो.

या प्रश्नाचे आकड्यात उत्तर देण्याचा पहिला प्रायोगिक प्रयत्न फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ (१७०७–८८) यांचा होय. लोखंडाचे गोळे तापवून ते निवण्यास किती वेळ लागतो हे त्यांनी पाहिले व त्यावरून पृथ्वीचे वय सु. ७५,००० वर्षे ठरविले. स्कॉटलंडमधील जेम्स हटन (१७२६–९७) यांनी संख्या देण्याचे टाळले. झीज, गाळ व उत्थान यांचे चक्र इतके मंद आहे की, त्याचा आरंभ दिसत नाही, एवढेच ते म्हणत. झॉर्झ क्यूव्ह्ये (१७६९–१८३२) यांनी काही प्राणिजाती कायमच्या नष्ट झाल्या आहेत हे दाखविले, तर विल्यम स्मिथ (१७६९–१८३९) यांनी प्रत्येक थरास त्याचे विशिष्ट जीवाश्म असतात, या आधारे १८१५ मध्ये इंग्लंडचा भूवैज्ञानिक नकाशा सिद्ध केला. चार्ल्स लायेल (१७९७–१८७५) यांचा भूविज्ञानाच्या तत्त्वांवरील ग्रंथ १८३० ते १८३३ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचा पहिला खंड बरोबर घेऊन चार्ल्स डार्विन (१८०९–८२) २७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ जहाजातून निघाले; त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांच्या दर्पण या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला.

या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही; पण काळ एकच होता. एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या व कुलाबा वेधशाळेशी संबंध आलेल्या बाळशास्त्रींनी गणित, भूगोल व पदार्थविज्ञान यांना मराठीत शब्द मिळवून दिले. त्यांची शून्यलब्धि ही कलनशास्त्रावरील पुस्तिका आणि १८४० मध्ये सुरू झालेले दिग्दर्शन हे मासिक हे त्याचे ठळक नमुने होत. सृष्टीच्या घडामोडींना नैसर्गिक कारणे असतात व ती सामान्य वाचकास त्याच्या भाषेत सांगता येतात, ही भूमिका मराठीत रुजली ती या पिढीमुळे. चौतिसाव्या वर्षीच त्यांचे निधन झाले नसते, तर पुढील वादांचे मराठीतील रूप कदाचित वेगळे दिसले असते.

दरम्यान पश्चिम भारतातील खडकांचे वाचन सुरू झाले होते. दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजेच दख्खन ट्रॅपचा, प्रदेश आज सु. ५ लाख चौ. किमी. आहे. त्याचे पायऱ्यांसारखे आडवे थर म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले प्रवाह होत, हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पष्ट झाले. मग या सर्व थरांना किती काळ लागला, असा प्रश्न उभा राहिला. त्याचा अनपेक्षित पुरावा दोन प्रवाहांमधल्या पातळ गाळाच्या थरांत मिळाला. मुंबईत वरळी येथे अशा थरात लहान बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओएन (१८०४–९२) यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. मुंबईतील सैन्याचे शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर (१८१३–९५) यांनी याच थरांचा बारकाईने अभ्यास करून पश्चिम भारताच्या भूविज्ञानावरील निबंधांचा संग्रह १८५७ मध्ये प्रसिद्ध केला. नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांना गोड्या पाण्यातील शंख, बिया, फळे व कीटकांचे अवशेष मिळाले. एका लाव्ह्याच्या प्रवाहानंतर खडक निवाला, त्यावर तळी साचली, त्यांत बेडूक व गोगलगायी वाढल्या, काठी झाडे आली आणि मग पुन्हा लाव्ह्याने ते सर्व गाडले, असा त्याचा अर्थ होता. बायबलची मुदत येथे अपुरी पडत होती, आणि हे पुरावे गोळा करणाऱ्यांत धर्मोपदेशकच पुढे होते, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. हिस्लॉप १८६३ मध्ये नागपूरजवळ नदीच्या पुरात बुडून मरण पावले.

देवगड परिसरात या काळ्या पाषाणावर जांभ्याचे आवरण आहे. फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारमध्ये हा दगड ओला असता कुऱ्हाडीने तोडता येतो व हवेत कडक होतो हे पाहून, १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्यास लॅटेराइट हे नाव दिले. कोकणात त्याचे चिरे काढून घरे व गडगे बांधण्याची रीत त्यापूर्वीपासून चालत आली होती. तो ज्वालामुखीय आहे की गाळाचा, यावर बराच काळ वाद झाला. उष्ण व अतिपावसाच्या हवेत मूळ खडकातील सिलिका धुऊन जाऊन लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात व त्यांपासून जांभा बनतो, हे पुढे ठरले. ही क्रिया अतिमंद असल्याने, ज्या कातळात खड्डे पाडून देवगडकर हापूसची कलमे लावतात, तो कातळ स्वतःच दीर्घकाळाची नोंद ठरतो. मालवणकडून दक्षिणेस गेल्यास ट्रॅपखालचे त्याहून कितीतरी प्राचीन खडक उघडे पडलेले दिसतात.

डार्विन यांनी १८५९ मध्ये जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथात दक्षिण इंग्लंडमधील वील्ड दरीच्या झिजेस सु. ३० कोटी वर्षे लागली असावीत, असा हिशेब दिला. नैसर्गिक निवडीस असा अवधी आवश्यकच होता. या हिशेबावर टीका झाली व तिसऱ्या आवृत्तीतून (१८६१) त्यांनी तो काढून टाकला. खरा आघात पुढे झाला. विल्यम टॉमसन, नंतरचे लॉर्ड केल्व्हिन (१८२४–१९०७), यांनी १८६२ मध्ये दोन बाजूंनी मुदत आवळली : वितळलेली पृथ्वी निवून आजच्या अवस्थेस येण्यास २ ते ४० कोटी वर्षे पुरतात, आणि आकुंचनातून उष्णता मिळविणारा सूर्य बहुधा १० कोटी वर्षांहून अधिक काळ तळपत आलेला नाही. १८९७ मध्ये तर त्यांनी पृथ्वीचे वय २ ते ४ कोटी वर्षांवर आणले. भूवैज्ञानिकांजवळ थर होते, पण घड्याळ नव्हते. केल्व्हिन यांच्याजवळ गणित होते आणि त्या गणितापुढे अनेकांनी मान तुकविली. डार्विन यांना ही अडचण अखेरपर्यंत सलत राहिली. केल्व्हिन यांचे पूर्वीचे सहायक जॉन पेरी (१८५०–१९२०) यांनी १८९५ मध्ये, पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णता अधिक सहज वाहत असेल तर हे वय अनेक पटींनी वाढते, असे दाखविले. दोषाचे मूळ त्यांनी बरोबर हेरले होते. तरी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

या वादाची सोडवण ज्या पदार्थामुळे सुकर झाली, त्याच्या इतिहासात विजयदुर्गाचे नाव घेतले जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली दक्षिण कोकणातून विजापूरकडे व पुढे पूर्व किनाऱ्याकडे गेली. गुंटूर येथून प्येर झांसेन (१८२४–१९०७) यांनी सूर्यावरील तेजस्वी ज्वालांचा वर्णपट घेतला. नॉर्मन लॉक्यर (१८३६–१९२०) त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहणाशिवायच या ज्वालांचा वर्णपट मिळविला आणि त्यातील पिवळी रेषा एका अज्ञात मूलद्रव्याची आहे, असे पुढे प्रतिपादिले. हेच हीलियम. त्याचा शोध विजयदुर्गावर लागला, ही प्रचलित समजूत त्यामुळे टिकत नाही. लॉक्यर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पॉमिनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी यांच्या साहाय्याने त्यांनी तेथे मोठी वेधमोहीम राबविली. किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौथऱ्यांचा संबंध या मोहिमेशी जोडणेच सयुक्तिक होय. याच ग्रहणाचे वेध पुण्याचे प्राध्यापक के. डी. नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. लॉक्यर यांना या वर्णपटांतून मूलद्रव्यांचीही उत्क्रांती होते असे दिसत होते व १९०० मध्ये त्यांनी त्या विषयावर ग्रंथ लिहिला. तो सिद्धांत त्यांच्या रूपात टिकला नाही. पण उत्क्रांतीची कल्पना तोवर जीवसृष्टीच्या सीमेपलीकडे पोहोचली होती, हे त्यावरून कळते.

विल्यम रॅम्झी (१८५२–१९१६) यांना १८९५ मध्ये युरेनियमच्या एका खनिजात हीलियम सापडले. रेडियमपासून हीलियम निघते, हे रॅम्झी व फ्रेडरिक सॉडी यांनी १९०३ मध्ये दाखविले. किरणोत्सर्गाने खडकांत सतत उष्णता निर्माण होते, म्हणजे पृथ्वी केवळ निवत आलेली नाही, ही गोष्ट अर्नेस्ट रदरफर्ड (१८७१–१९३७) यांनी १९०४ मध्ये लंडनमधील व्याख्यानात मांडली, तेव्हा वृद्ध केल्व्हिन श्रोत्यांत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खनिजात साठलेल्या हीलियमाचे प्रमाण हेच घड्याळ म्हणून वापरता येते, हे रदरफर्ड यांनी ओळखले. रॉबर्ट स्ट्रट (१८७५–१९४७) यांनी त्या रीतीने मोजमापे केली. मात्र वायू निसटत असल्याने मिळणारे वय हे किमान वय असे. बर्ट्रम बोल्टवुड (१८७०–१९२७) यांनी १९०७ मध्ये शिशाच्या प्रमाणावरून सु. ४० ते २२० कोटी वर्षांची वये काढली. आर्थर होम्स (१८९०–१९६५) यांनी ही पद्धत पक्की केली आणि क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये अशनींच्या शिशावरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे निश्चित केले. सूर्याच्या वयाची अडचण त्याआधीच सुटली होती : हायड्रोजनाचे हीलियममध्ये रूपांतर होताना सूर्याची ऊर्जा निर्माण होते, हे १९३९ पर्यंत स्पष्ट झाले. ज्या अग्नीचा हिशेब केल्व्हिन यांना लागत नव्हता, त्याची राख लॉक्यर यांच्या वर्णपटातील पिवळ्या रेषेत आधीच दिसली होती.

दख्खन ट्रॅपच्या वयाचा वाद विसाव्या शतकातही चालू राहिला. बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये मधल्या थरांतील वनस्पतींवरून हे खडक तृतीय कल्पातील ठरविले, तर इतर काहींनी ते त्याआधीच्या क्रिटेशस काळातील मानले. आर्गॉन समस्थानिकांवरून केलेल्या मापनांनुसार या लाव्ह्याचा मुख्य भाग सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, दोन्ही कल्पांच्या संधिकालात, भूवैज्ञानिक दृष्टीने अल्पावधीत बाहेर पडला. डायनोसॉर नष्ट झाले तोच हा काळ होय. त्या विनाशात या लाव्ह्याचा वाटा किती व मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा किती, यावर संशोधन चालू आहे.