एका अक्षराचं कोकरू: चूक कोणती, बदल कोणता?

माण म्हणजे मेंढरांचा मुलूख. दहिवडी-म्हसवडकडचा धनगर जी दख्खनी मेंढी राखतो, ती बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. दुष्काळात कळप खचला की तो पुन्हा भरायला वर्षं जातात.

शेजारी फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 साली निंबकर कृषी संशोधन संस्था उभारली. या संस्थेने सुंदरबनातली बुटकी, जुळी देणारी गारोल मेंढी आणून दख्खनीशी संकर केला. जुळ्यांचं कारण 2001 मध्ये तीन गटांनी ऑस्ट्रेलियाच्या बुरूला मेंढीत शोधलं: एका जनुकात ‘ए’च्या जागी ‘जी’. बस्स, एक अक्षर! पुढच्याच वर्षी गारोलमध्येही हाच बदल सापडला. मग रक्ताच्या तपासणीवरून पैदाशीची मेंढरं निवडता येऊ लागली. ‘नारी सुवर्णा’ त्यातूनच आली.

आता योगायोग बघा. त्याच 2001 साली पेव्झनर, तांग आणि वॉटरमन यांनी डीएनए वाचनातल्या चुका दुरुस्त करण्याची एक रीत मांडली. यंत्र डीएनए तुकड्यातुकड्यांनी वाचतं, आणि वाचताना चुकतं. म्हणून सॉफ्टवेअर त्या तुकड्यांतले छोटे ‘शब्द’ मोजतं. पुष्कळदा आलेला शब्द खरा, एखाद-दुसऱ्यांदा आलेला चुकीचा. मग तो जवळच्या नेहमीच्या शब्दाप्रमाणे बदलायचा.

या बदलाची एक प्रत असलेल्या एकाच मेंढीची ती जागा तीस वेळा वाचली, तर साधारण पंधरा ‘ए’, पंधरा ‘जी’ येतील. तिथे धोका नाही. पण खर्च वाचवायला पन्नास मेंढ्यांचं डीएनए एकत्र वाचलं, आणि त्यांतल्या एकीकडेच या बदलाची एक प्रत असली तर? मग तो शंभरात एक उरतो, म्हणजे हुबेहूब चुकीसारखा दिसतो. सॉफ्टवेअर तो पुसून टाकणार, आणि आपण धनगराला सांगणार, तुमच्या कळपात जुळ्यांचं जनुक नाही!

भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. पाठ निवडला, पण नाकारलेले पाठभेदही तळटीपेत छापले. इथेही तेच करायचं. एकत्र नमुन्यावर अशी दुरुस्ती चालवायची नाही. मूळ वाचन जपून ठेवायचं. संशय आला की एकेका मेंढीची वेगळी तपासणी करायची. कमी वेळा दिसलं एवढ्यावरून काही चूक ठरत नाही.